पटावर अडतीस

घोरपडीचं फाटक पडलं
की बाईंना उशीर होतो, मला नाही.
मी शाळेतच झोपतो.
पाचला पाणी येतं, साडेपाचला जातं,
तेवढ्यात दोन पिंपं, खिचडीचा हंडा
आणि मुलींच्या बाजूची टाकी, जी गळते.

घंटा म्हणजे रुळाचा तुकडा.
रेल्वेच्या शेडमधून कुणी कधी आणला, ठाऊक नाही.
चिंचेला तारेने टांगलेला.
तार फांदीत रुतली, फांदी तिच्यावरून वाढली,
आता काढू म्हटलं तरी निघायचा नाही.
संस्थेचे साहेब म्हणाले, विजेची बेल बसवा.
त्रिभुवनबाई म्हणाल्या, हो.
बिल कोण भरणार, हे त्या बोलल्या नाहीत,
मी त्यांच्या चष्म्यात वाचलं.

शनिवारी बाकं उचलून देवळात न्यायची,
रविवारी संध्याकाळी परत वर्गात.
त्यामुळे मंडळीतल्या बाया
कर्कटकाने कोरलेल्या शिव्यांवर बसून प्रार्थना करतात,
आणि सोमवारी पोरांना बाकाखाली
शेवंतीच्या पाकळ्या सापडतात,
एखादं पाच रुपयांचं नाणं.
नाणं मी दानपेटीत टाकतो.
बहुतेक वेळा.

पट सदतीस होता.
अडतीस नसतील तर चौथीचा वर्ग बंद,
असं पत्र टेबलाच्या काचेखाली,
बाई त्यावर मुद्दाम चहाचा कप ठेवायच्या.

मग समोरच्या चाळीत वरची खोली
भाड्याने गेली.
आई शेतीचं शिकायला आलेली, केनियाहून,
गाव कुठल्याशा मोठ्या सरोवराकाठी.
इंग्रजी शाळेने सांगितलं, पुढच्या जूनला या.
आमच्याकडे जून कधीही असतो.

मुलीचं नाव अचिएंग.
बाईंनी रजिस्टरात तीनदा लिहिलं, दोनदा खोडलं.
म्हणजे काय गं?
तिने बोट वर केलं, सरळ माथ्यावर.
ऊन डोक्यावर असताना जन्मलेली.
सरला अमोलिक भांडं घासत म्हणाली,
म्हणजे माझ्या खिचडीच्या वेळची की!
त्या दिवसापासून तिला एक डाव जास्त.
पंधरा दिवसांत पोरीला मराठी आलं,
आधी भांडणापुरतं,
मग पाढे, सतराच्या पाढ्यापर्यंत.
सतराला सगळेच अडतात.

परवा आई फी भरायला आली.
पावती फाडेपर्यंत अंगणात उभी,
आणि चिंचेखाली जाऊन
रुळावर तळहात ठेवला तिने,
गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.
काहीतरी बोलली. अचिएंग मला म्हणाली,
एलियामामा, आई म्हणते तिच्या शाळेत पण हेच.
रूळच. झाड आंब्याचं.
आणि घंटा मारायचं काम तिच्याकडे होतं,
सहावीपर्यंत.

मी लोखंडी गज तिच्या हातात दिला.
का दिला, मला विचारू नका,
बाईंनी विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही.
सव्वाअकरा वाजलेले.
तांदूळ नुकताच धुऊन ठेवलेला.

तिने मारली ती सुट्टीचीच घंटा,
लांब, भरभर, शेवटी दोन सुट्या.
चारी वर्ग ताटल्या घेऊन अंगणात,
पोरं रांगेत, चूल थंड,
सरलाच्या तोंडून जे निघालं
ते देवळाच्या इतक्या जवळ बोलू नये.
ती बाई तोंडावर हात धरून हसत होती,
हसता हसता डोळे पुसत होती.
त्रिभुवनबाई दारात आल्या,
घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं,
म्हणाल्या, बसा सगळे झाडाखाली,
भात शिजेपर्यंत सतराचा पाढा.

त्या दिवशी शाळा पाऊण तास उशिरा सुटली.
रजिस्टरात नोंद नाही.

मे महिन्यात मी निवृत्त होतो.
नव्या शिपायाला दाखवावं लागेल,
पिंपं कुठली आधी, टाकी कुठे गळते,
चौथीचं कुठलं बाक दारातून आडवं निघत नाही.
आणि रूळ मध्यभागी मारायचा नाही,
तिथे तो बद्द वाजतो.
खालच्या टोकाला, जरा तिरका.

तिला हे मी सांगितलं नव्हतं.