मानस

आमच्या जुव्यात मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे बांदाच्या पोटातलं लाकडी दार.
भरतीचं खारं पाणी त्याला ढकलून मिटवतं,
ओहोटीला आतलं पाणी उघडतं.
पणजीत हे सांगितलं की लोक म्हणतात,
वा, काय प्रतिमा आहे.
प्रतिमा नाही. तिच्या फळ्या कुजतात,
आणि बदलायच्या कोणी यावरून भांडणं होतात.

बारावीच्या वर्गात मी झाड काढते:
दीर्घकालीन स्मृती, तिला दोन फांद्या,
एक सांगता येणारी, एक न येणारी,
मग डहाळ्या, प्रसंगांची, अर्थांची, हातापायांची.
मुलं इंग्रजीत उतरवून घेतात. चार गुणांना येतं.
हात पुसून मी माशेलहून जुव्याची बस धरते.

सगुणमामाला चार वर्षांपूर्वी मेंदूत ताप चढला.
उतरताना बरंच सोबत घेऊन गेला.
"बाय, तूं खंयची?"
मी सांगते. "बरें," म्हणत तो सुपारी पुढे करतो.
चहाला उकळी येईतो पुन्हा, "बाय, तूं खंयची?"
पहिले सहा महिने मी घरी जाऊन रडायचे.
आता उत्तरं बदलून बघते.
एकदा म्हटलं, लिस्बनची.
सुपारी तशीच पुढे आली.

पण विचारा, आज चतुर्थी, भरती किती वाजता?
"तिथीची पाऊणपट. तीन."
उधाणाला शेवटे, भांगाला नुसत्या कुर्ल्या,
कोरगुटाचं रोप किती खारेपणा सोसतं,
सगळं जागच्या जागी.
हे शिकवलं कोणी, विचारलं की मात्र तो दाराकडे बघतो,
शिकवणारा आत्ताच उठून गेल्यासारखा.

जाळं विणताना त्याची बोटं दिसत नाहीत.
एकदा म्हटलं, मामा, सावकाश, मला शिकायचंय.
सावकाश केलं, आणि गाठ त्याला येईना.
सुतळीकडे तो परक्यासारखा बघत राहिला.
मग मी दुसरंच काही बोलायला लागले,
भेंड्यांचा भाव, कोणाचं तरी लग्न,
आणि बोटं आपसूक चालू झाली.

संध्याकाळी आम्ही बांदावरून चालतो.
तिसरी मानस ओलांडून वीसेक पावलांवर
तो खाली खाजनात उतरतो,
गुडघाभर चिखलातून जातो
आणि पुढे माडापाशी पुन्हा वर चढतो.
का, मामा?
"वयर मुंगळे आसतात."
दुसऱ्या दिवशी, "पाय धुवपाचे आशिल्ले."
चिखलात.

एकोणऐंशीच्या श्रावणात, अमावस्येच्या उधाणाला,
बांद तिथे फुटला होता.
चिखलाची गोणी छातीशी धरून जो भोकात उतरला
तो त्याचा धाकटा भाऊ, रघुवीर.
ओहोटीला मानशीच्या तोंडाशी सापडला.
मामाला आता भाऊ होता हेही ठाऊक नाही.
फोटो दाखवला.
"देखणो चलो," म्हणाला. "कोणाचो?"
आणि फोटो उन्हात नेऊन पुन्हा पाहिला.

ती रात्र मला मात्र लख्ख आठवते.
पेट्रोमॅक्सचा सूंऽ आवाज, ओल्या गोणपाटाचा वास,
कोणीतरी कोणालातरी हाका मारतंय,
आणि मी आईच्या कडेवर, तिच्या ओल्या पदराखाली.
माझा जन्म ऐंशीच्या मार्चमधला.
हे मी वर्गात सांगत नाही.
इतक्यांनी इतक्यांदा सांगितलेली रात्र
कधीतरी माझ्या अंगात शिरली,
आणि जी रात्र ज्याची होती
त्याच्याकडे फक्त पाय उरले.

परवा मामाला बरं नव्हतं.
मी एकटीच बांदावर गेले,
डोक्यात उत्तरपत्रिका, सोमवारची परीक्षा,
घरी गॅस बंद केला की नाही.
चपलेत गार चिखल शिरला
तेव्हा कळलं मी खाली उतरलेय.

वर बांद कोरडा होता.
मुंगळा एकही नव्हता.