अपोलो बंदराची वेळ

भांडुपच्या उदंचन केंद्रामागे होडीत बसलो
तेव्हा वासुदेवांनी खिशातून कागद काढला:
दहा वाजून बारा मिनिटांनी ओहोटी संपते.
मग भरती. मग काळजी नाही.
बत्तीस वर्षं या माणसानं गोदीच्या कचेरीत
भरती-ओहोटीच्या तक्त्यांची मुद्रितं तपासली.
दशांशचिन्ह एक घर सरकलं तर जहाज रुततं, म्हणतात.
होडीत मात्र आज पहिल्यांदाच.

जोमा काही बोलला नाही.
तंबाखू दाढेखाली सरकवून
त्यानं वल्ह्यानं धक्का मागे लोटला.

दोन्ही बाजूंना तिवरं,
चिखलातून वर आलेली त्यांची मुळं,
शाळा सुटल्यावर सांडलेल्या पेन्सिली
उभ्याच राहिल्यासारखी.
मी शाळेतच होते, प्रयोगशाळेत, बरण्या पुसायला.
एका बरणीत निवटी होती, पांढरी पडलेली, डोळे वर.
इथे तीच चिखलावरून टुणटुण उडत चाललेली,
ओली, जिवंत, जरा उद्धटच.
मी ओरडले, वासुदेव, बघा!
('अहो' हा शब्द मी पहिल्या घरी वापरून संपवला.
यांना नावानं हाक मारते, तुम्ही म्हणते.
येत्या आषाढात दोन वर्षं होतील.)

रोहित पक्षी पार पलीकडे, ऐरोलीच्या पुलाकडे,
कुणी गुलाबी परकर वाळत घालून विसरून गेल्यासारखे.
तिकडे जायचं होतं.

दहा बारा झाले. दहा वीस.
होडी एका अंगावर कलली आणि थांबली.
पाणी चाललंच होतं,
बसलेल्या पाहुण्यांखालून कुणी सतरंजी ओढावी तसं,
हळू, पण न विचारता.

वासुदेव कागद उलटसुलट करत राहिले.
चष्मा पुसला. पुन्हा वाचला.
तेव्हा जोमा बोलला,
"काका, ह्यो टाईम अपोलो बंदराचा.
हितं खारीन यवाला पान्याला वेल लागतं.
यतं पन."

मग करायचं काय? डबा उघडला.
घावनं, वालाचं बिरडं, दोन हिरव्या मिरच्या.
झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
सौ. शालिनी वासुदेव, १९-५-८४.
उन्हात एकेक ठिपका दिसत होता.
वासुदेवांनी झाकण पालथं घातलं.
मी ते सुलटं केलं,
त्यात जोमाला बिरडं वाढलं.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
तुझं नाव घालून आणू का एखाद्या भांड्यावर?
म्हटलं, माझ्या नावाची सत्तावीस आहेत
पुण्याला, मुलाकडे.
सून त्यांत डाळी ठेवते.

यावर ते हसले नाहीत, मीही नाही.
मिठागरावरून वारा आला, ओठ खारट झाले.
डोक्यावरून विमान गेलं, पोट उघडं टाकून.
मग वासुदेवांनी चपला काढल्या, पँट दुमडली,
आणि एक पाय चिखलात सोडला, घोट्यापर्यंत,
पोटरीपर्यंत.
"गरम आहे गं," म्हणाले,
कचेरीत हे कुणी सांगितलंच नव्हतं अशा आवाजात.
एक खेकडा आपली एकुलती मोठी नांगी उगारून
त्यांच्याकडे बघत राहिला.

पाणी आलं ते कुठून, कळलं नाही.
आधी खेकड्यांच्या बिळांत, आतूनच,
एकेक बुडबुडा सोडत.
मग पेन्सिली आखूड झाल्या.
मग होडीखाली काहीतरी सुटलं,
झोपेत कुणी कूस बदलावी इतकंच.

वासुदेवांनी घड्याळ पाहिलं.
कागदावर दहा बाराच्या शेजारी काहीतरी लिहिलं.
मी वाकून पाहिलं नाही.

"तुमची येल संपली," जोमा म्हणाला. "परत नेऊ?"

चिखलाचा पाय तसाच आत घेऊन वासुदेव
माझ्याकडे बघत बसले.
"अजून जरा आत चल," मी म्हटलं,
"वरचे पैसे देऊ."

होडी वळली.
रिकामा डबा तळाशी गडगडत राहिला,
एकदा माझ्या पायाशी,
एकदा त्यांच्या.