गेन

दोन डबे. एक पुण्याहून उसना आणलेला,
भिंतीच्या प्लगवर चालणारा, रविवारी परत करायचा.
दुसरा माझा, काडेपेटीएवढा,
फोनच्याच करंटवर जगतो.

साखर पेठेत, कोंडय्यामामांच्या माडीवर,
पंखा बंद करून, घाम पुसत
एकच माइक दोघांना लावून पाहिला.
उसन्यात आवाज नुसता कोरा.
माझ्यात मागे सतत बारीक सूंऽऽ,
शेजारी कुणी शेंगदाणे भाजतंय तसं.

मामा चाळीस वर्षं मागावर. डावा कान त्यातच गेला.
हेडफोन उजव्यावर दाबून म्हणाले,
"ह्याचं सूत साफ आहे. तुझ्यात गाठी फार."
मग उसन्याचा गेन स्वतःच फिरवला
पार टोकापर्यंत
आणि बोट तिथंच ठेवून बसले.

"माग चालू आहे कुणाचा तरी."
खाली गल्लीत तर सगळी शटरं बंद.
"इथला नाही. येमूलचा, पलीकडच्या बोळातला.
धोटा अडखळतोय त्याचा."

तेवढ्यात लाइट गेली.
उसना डबा विझला.
घाईघाईत माइकची पिन माझ्यात खुपसली,
सूंऽऽ सुरू झालं,
आणि त्या सूंमध्ये मामा, माझ्याशी नव्हे,
तेलुगूत काहीतरी बोलले.

एवढंच रेकॉर्ड झालंय.
अर्थ विचारायचा राहिलाय.