दम

चाळीस वर्षं मी लोकांचे दात बनवले.
कायानीतल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचं हसू
माझ्या कानशीखालून गेलेलं आहे.
आता तळघरात छोटा लेथ, एक दिवा, रेडिओ
आणि शाळेच्या क्लबातली हवेची रायफल, नंबर सात,
जिचा दम रात्रीत निघून जातो.

संध्याकाळी दोनशे बार भरावेत,
सकाळी काटा एकशे तीसवर.
ही माझी आहे, हिला टाकू नका, लेम्पी म्हणाली.
अकरा वर्षांची पोर. दातांना तार.

आत एवढंसं तर असतं सगळं:
पोलादी दांडी, दांडीला प्लॅस्टिकचं डोकं,
पितळेच्या बैठकीवर टेकलेलं.
घाव बसला की उचलतं, हवा सुटते, पुन्हा टेकतं.
उचलणं कुणालाही जमतं.

ताउनोनं कागद कारखान्याच्या भंगारातून तुकडे आणले,
एकेकावर पेन्सिलीनं नाव लिहून.

नायलॉन आधी घेतलं. चिवट, कष्टाळू वाटलं.
माप घेतलं आणि तुकडा सौनाच्या ओसरीत विसरले.
दोन शनिवारांची वाफ पिऊन त्यानं अंग धरलं,
केसभरच, पण धरलं.

टेफ्लॉन सगळ्यांशी गोड.
पहिल्या रात्री काटा जागचा हलला नाही,
मी ताउनोला फोनसुद्धा केला.
आठवड्यानं उघडलं तर पितळेचं कडं त्यात खोल उमटलेलं,
आणि तो बाजूनं वाहून गेलेला,
न तापता, न तुटता, गुपचूप.
अशी माणसं पाहिली आहेत मी.
त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही.

पीक म्हणजे जुन्या दाढेचा रंग.
आमच्या प्रयोगशाळेतही यायचं. महाग, टणक.
पितळेशी जुळवून घ्यायला तयारच नाही;
पहिल्या मिनिटाला बुडबुडे.

मग ॲसिटल. पांढरं, हाताला साबणासारखं.
त्याला हत्यार लागतं मेण कोरायच्या सुरीइतकं धारदार,
बोथट असलं तर कापत नाही, ढकलतं,
ढकललं की तापतं, तापलं की फुगतं,
आणि फुगलेल्याचं माप खोटं.
नीट कापलं तर एकच लांब फीत निघते,
ती मांजर पळवते.
थोडं राखून मी थांबते. रात्रभर फळीवर ठेवते.
दम खा, म्हणते त्याला,
आतला ताण सुटू दे.
सकाळी शेवटची काप, कांद्याच्या पापुद्र्याएवढी.

तरी गळालं.

तीनदा गळालं.
चौथ्यांदा मी डोकं बाजूला ठेवलं,
कपाटातून दातांचा जुना आरसा काढला
आणि बैठकीत पाहिलं.
पितळेवर एक ओरखडा.
कुणीतरी, कधीतरी, पेचकस घातला होता.

दोष दाताचा नव्हता, हिरडीचा होता.

हिल्माबाईंची कवळी आठवली.
सहा वेळा घासून दिली होती मी,
आणि सहाही वेळा त्या म्हणाल्या, टोचतंय गं.

पितळ घासायला एक अख्खी संध्याकाळ.
लेपण, लाकडी काडी, हलका हात.
मग पहिलंच डोकं शोधलं,
जे चिडून खिळ्यांच्या डब्यात फेकलं होतं.
टबात पाणी, पाण्यात झडप.
एक बुडबुडा आला.
दांडीला आधीच चिकटलेला होता, शिळा.
त्यानंतर पाणी नुसतं पाणी.
रेडिओवर हवामान सांगत होते, उणे अठरा,
मी ऐकत बसले.
सकाळी काटा होता तिथेच.

बुधवारी लेम्पी रेषेवर उभी राहिली.
निम्मा श्वास सोडला, उरलेला धरला.
तिच्या गालाखाली नंबर सातही तेच करत होती.
छर्रा नऊवर.

ती वळून तोंडभर हसली.
वरची तार डावीकडे जराशी सैल आहे.
सांगायचं राहूनच गेलं.