कोरा पापुद्रा

निमंत्रणावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं,
कृपया आहेर आणू नये.
मी म्हटलं, आहेर कुठला, हा तर खाऊ.
आणि चुलीपुढे बसले.

माठाचं बूड वर. खालून झावळ्या सारायच्या,
वाळलेल्या, एकेक.
जाळ भडकायला नको, मरायलाही नको.
रात्रभर भिजलेला तांदूळ, वाटून ताकाहून पातळ,
त्यात जुन्या धोतराचा तुकडा बुडवायचा
आणि तापल्या मातीवरून एकदाच ओढायचा.
एकदाच.
दुसऱ्यांदा हात फिरला की संपलं.
पापणी लवते तेवढ्यात कडा सुटतात
आणि हातात येतं असं काहीतरी
ज्याला वजन नाही, नुसता आवाज आहे.

आमच्या आत्रेयपुरात याला पूतरेकुलु म्हणतात.
रेकु म्हणजे पाकळी.
रेकु म्हणजे छपराचा पत्राही.
एकाच शब्दाखाली आम्ही राहिलो
आणि तोच शब्द विकून जेवलो.

भ्रमरांबा त्या पत्र्याखालचीच, माझ्या भावाची.
नऊ वर्षांची असताना दुसऱ्यांदा हात फिरवला तिने,
बोटाला फोड आला, रडली नाही.
अकराव्या वर्षी शाळेत कुणी म्हणालं,
तुझ्या वेणीला धुराचा वास येतो.
त्यानंतर ती चुलीकडे फिरकली नाही.
मीही हाक मारली नाही.

साठ केले. तूप, किसलेला गूळ, घडी.
धवळेश्वरमच्या बांधावर बस खडखडली तेव्हा
कंडक्टर म्हणाला, अम्मा, डबा वर ठेवा.
म्हटलं, तुझं तिकिटांचं यंत्र ठेव आधी वर.

राजमहेंद्रवरम. सहावा मजला.
गाय लिफ्टमध्ये मावेना, तिला फाटकातच ओवाळलं.
आणि दूध उतू जाईना!
काचेची शेगडी, ऐन वेळी पीक म्हणायची
आणि आपली आपणच विझायची.
पुरोहित दोनदा मंत्र संपवून बसले,
जावई माहितीपुस्तिका वाचत उभा.
तिसऱ्या वेळी गेलं एकदाचं, कडेने, थोडंसं,
सगळ्यांनी हात जोडले.

आहेर नको म्हणूनही सात घड्याळं आली.
विहीणबाई डबा हातात तोलून म्हणाल्या,
घरी केलेत? एवढा खटाटोप?
हल्ली फोनवर मागवले की दारात येतात.
म्हटलं, हो, मीही दारातच आलेय.
डबा फ्रिजवर गेला, वर्तमानपत्रासकट.

संध्याकाळी चपला कमी झाल्या.
भ्रमरांबा जरीची साडी खोचून
नव्या फरशीवर बसली, भिंतीला टेकून,
जशी तिथे, पत्र्याखाली, बसायची.
तिने डबा काढला. दोरा दाताने तोडला.

सगळ्यात वर मी एक कोरा ठेवते, दर डब्यात.
तूप नाही, गूळ नाही, घडी नाही.
गिऱ्हाइकं त्याला वेष्टन समजून टाकून देतात.
तिने टाकला नाही.
दोन्ही हातांनी धरून खिडकीपाशी नेला,
पडदे अजून लागायचे होते,
आणि त्यातून बाहेर बघत राहिली.

गोदावरी दिसते? मी विचारलं.
दिसते.
आणि पूल?
पूल जरा धूसर आहे, आत्या.

मग जाड झालाय, मी म्हटलं.
पहाटेचा असणार. झावळी ओली होती,
डोळ्यांत धूर गेला होता माझ्या.

ती काही बोलली नाही.
आतल्या खोलीत जावई घड्याळांना सेल घालत होता,
एक टिकटिकलं, मग दुसरं, एकमेकांशी न जुळणारं.
तिने पापुद्र्याची कड मोडून जिभेवर ठेवली,
मग आणखी एक तुकडा, सावकाश,
आधी पूल खाल्ला,
मग नदी.