चार दात

लक्ष्मीपुरीत रद्दीचा काटा आहे माझा.
परवा कुणाचा तरी नातू वीस किलो टाकून गेला,
त्यातून हे निसटलं आणि पायावर पडलं.
मुखपृष्ठ नाही. पहिली अकरा पानं वाळवीनं वाचलेली,
तिचं कल्याण झालं असावं.
बाराव्या पानापासून सुरू होतो
माणसाचा उत्कर्ष.

'हसावे, परंतु चारांहून अधिक दात दिसू देऊ नयेत.'
'टेलिफोनवर वरिष्ठ असल्यास उभे राहून बोलावे.'
'मुलाखतीस बसताना टोपी डाव्या गुडघ्यावर ठेवावी.
उजव्या गुडघ्यावरील टोपी उतावळेपणा दर्शविते.'

कोपऱ्यात जांभळ्या पेन्सिलीनं मालकाचं नाव:
द. रा. अतिग्रे, टर्नर, उद्यमनगर.
आणि हा बाबा नुसता वाचत नव्हता,
करत होता.

'वरिष्ठांशी बोलताना नजर त्यांच्या टायच्या गाठीवर स्थिर ठेवावी.'
समासात: मालक टाय घालत नाहीत.
धोतराच्या गाठीवर ठेवली.
मालक आत गेले, गाठ बघून आले.

'तिखटाने विचारशक्ती मंदावते.'
समासात: नऊ दिवस सोडलं. विचार आला तो तांबड्या रश्श्याचाच.
दहाव्या दिवशी चार वाट्या.

'पत्नीशी आठवड्यातून एकदा उपयुक्त विषयावर बोलावे.'
समासात: बोललो. पोस्टातल्या बचतीवर.
तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला.

मी गठ्ठ्यावर बसून खिदळत होतो
तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरलं:
बराच वेळ बसून आहात. उभे राहा.
राहिलो.
टेलिफोनवर वरिष्ठ असल्यासारखा.

शेवटचा उपदेश:
'निजण्यापूर्वी दिवसातील चुका मोजून आकडा टिपून ठेवावा.'
पुढं कोऱ्या पानांवर अतिग्र्यांचा हिशेब, टर्नरच्या हातचा,
सुतात:
सोमवार सात. मंगळवार पाच.
बुधवार अकरा (पगार झाला).
गुरुवार चार, त्यातली एक दोनदा.
असे दोन महिने.
मग एका शुक्रवारी आकडा नाही.
मोजल्या नाहीत. दोघं रंकाळ्यावर गेलो.
ती म्हणाली एक कणीस घ्या. दोन घेतली.

त्यानंतर पान कोरं.
माणूस सुधारला का त्यानं नाद सोडला
कळायला मार्ग नाही.

काट्यावर ठेवलं: एकशे ऐंशी ग्रॅम.
उचललं, गल्ल्याखाली सारलं.

संध्याकाळी शेवंता चहा घेऊन आली.
"काय ओ, एकटंच हसायलाय?"
जुन्या तराजूचं पितळी पारडं भिंतीला टांगलंय,
त्यात तोंड बघितलं, मोजले.
सहा दिसत होते.
एक पडलेला आहे,
तो धरायचा का नाही
यावर पुस्तकात काही नाही.