नथू

रामकुंडावर पाराशरे गुरुजींनी
लाल कापडाची गाठ सोडली.
वही लांब, आडवी, बुरशीचा वास असलेली.
"गाव?"
"चांदोरी."
बोट पानांवरून उतरत गेलं, मोडीतून बाळबोधीत,
आणि एका ओळीशी थांबलं.
सदू. त्याचा नथू.
"पण दाखल्यावर तर नंदकुमार दिसतंय."

नंदकुमार शाळेतल्या मास्तरांनी केलं.
नंदकुमार नाशिक रोडला, प्रेसच्या गेटपासावर होतं,
चौतीस वर्षं.
तिथे भाऊ दिव्याखाली बसून नोटा तपासायचे.
पुसट आकडा, सरकलेली रेघ, शाईचा एक फाजील ठिपका
त्यांच्या नजरेतून सुटत नसे.
घरीसुद्धा पेपर वाचण्याआधी
तो नुसता बघायचे.

त्यांच्या डाव्या नाकपुडीवर टिंब होतं,
मोहरीच्या निम्मं.
फोटोत मान नेहमी डावीकडे वळलेली.
माझ्या लग्नाच्या अल्बमभर ते
मांडवाच्या खांबाकडे बघत आहेत.
लहानपणी विचारलं, तर म्हणाले, देवी आल्या होत्या.

खरं आज कळलं,
पिंड मांडून तासभर झाला, कावळा येईना तेव्हा.
आत्या म्हणाली, तुझ्या बापाच्या आधी तीन पोरं.
तिन्ही पाचवीच्या आतच गेली.
चौथ्याचं नाक टोचलं, सोनाराला घरी बोलावून.
तारेची नथ, मुलीचं झबलं, गालावर काजळ,
आणि हाक मारायची तर नथू.
यम आला, पाळण्यात वाकून बघितलं,
पोरगी आहे म्हणाला, आणि गेला.
हे सांगताना ती हसली.
मग पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.
तिचंही नाक टोचलेलं आहे.
तिला कुणापासून लपवायचं नव्हतं.

तेवढ्यात कावळा शिवला.

रेयांश नऊ वर्षांचा. त्याला शाळेत सांगितलंय
की गावाचं नाव नाकावरून पडलं.
"म्हणजे इथे त्या बाईचं कापलं
आणि आजोबांचं टोचलं?"
हो, म्हटलं. तसंच काहीसं.
"आणि माझ्या नावाचा अर्थ?"
मी मोबाईलवर वाचलेला सांगितला, किरणाचा अंश.
गुरुजींनी चष्मा वर केला.
"कोशात नाही हो असा शब्द," म्हणाले,
आणि पोराचा चेहरा बघून, "असो, गोड आहे."
मी ते नाव बिल्डिंगमध्ये कुणाचं नाही म्हणून ठेवलं होतं.
बालवाडीत दोन निघाले.

रात्रभर मी टाळूवर हात ठेवून बसले नाही याच्या.
डॉक्टर होते, लशी होत्या, पिवळं कार्ड होतं.
मला छान दिसणारं नाव निवडायला फुरसत होती.
आजीला नव्हती. तिला हवं होतं
मृत्यूला उचलावंसं वाटणार नाही असं काहीतरी.
तिने त्याच्या हातात एक खोटी नोट सरकवली
आणि त्याने ती उजेडात धरून पाहिली नाही.
अठ्ठ्याहत्तर वर्षं चालली, भाऊ.
तुमच्या टेबलावर आली असती
तर तुम्ही नक्की बाजूला काढली असती.

परवा अस्थी सोडल्या तेव्हा बोटांनी उगाच चाचपलं.
अस्थींत नाकपुडी नसते.

"तर काय लिहू?" गुरुजींनी पेन झटकलं. "नंदकुमार?"
"नथू."
"आणि आधीची तिघं?"
"त्यांची नावं ठेवलीच नव्हती."
ते थांबले. नथूच्या आधी बोटभर जागा सोडली,
मग लिहिलं.
"सोबत जावई?"
"मी."
"बरं. नथूची लेक." मान वर न करता, "नाव?"
वैजयंती, म्हटलं.
या घराण्याच्या पानावर ते पहिल्यांदाच आलं असावं,
कारण वेलांटीला शाई जरा जास्त लागली.

वही लगेच मिटता येईना.
रेयांश गुडघ्यांवर बसला
आणि ओळीवर हळू फुंकर घालू लागला,
डावीकडून उजवीकडे,
मोकळ्या जागेवरूनसुद्धा.